अठ्ठावन्न सायकली

माणसं बसवायला जागा नव्हती, म्हणून नंदाबाईनं सतरंजी सायकलींच्या दोन रांगांमधल्या वाटेत अंथरली. मागच्या खोलीत तिघं बसली की चौथ्यानं उंबरा धरायचा, अशी ती खोली. आणि आज दीर यायचा होता, नणंद यायची होती, पुतण्या यायचा होता. नवऱ्याच्या, दत्तोबाच्या वर्षश्राद्धानंतर इतकी माणसं या पत्र्याखाली एकदम जमली नव्हती, आणि श्राद्धाला निदान जमायचं कारण सगळ्यांचं एक होतं.

शनिवारची दुपार होती. लोणावळा स्टेशनच्या मागच्या अंगाची ही गल्ली एके काळी पहाटेपासून जागी असायची. पिठाची गिरणी, न्हावी, भज्यांचं हॉटेल आणि टोकाला केदाऱ्यांचा सायकल स्टँड. औंढ्याकडून, कुसगावाकडून माणसं सायकली हाणत यायची, सायकल लावायची आणि लोकल पकडून तळेगावला, चिंचवडला कामाला जायची. स्टँडची रीत सासऱ्यांपासूनची. एकाच आकड्याचे दोन पत्र्याचे बिल्ले. एक हँडलला अडकवायचा, एक मालकाच्या हातात द्यायचा. संध्याकाळी मालकाचा बिल्ला हातावर पडल्याशिवाय सायकल सोडायची नाही. आणि बिल्ला परत आलाच नाही, तर ती सायकल विकायची नाही, मोडायची नाही, कुणाला द्यायची नाही. ठेवायची.

मग गिरणी बंद पडली. न्हावी स्टेशनच्या पुढच्या बाजूला गेला. हॉटेलच्या शटरला गंज चढला. कामाच्या दिवशी आता अकरा सायकली येत. नंदाबाई सकाळी अकरा बिल्ले देई, संध्याकाळी अकरा घेई. मधला अख्खा दिवस तिच्याशी बोलायला कुणी नसे. वाहिद होता शेजारी, पंक्चरवाला, पण तो मुळातच कमी बोलणारा. मग ती जात्यावरच्या चालीत स्वतःच बांधलेलं काहीबाही गुणगुणे:

सायकल माझ्या दारी गं, धनी गेला गाडीवरी
जोडीचा बिल्ला झुरं, गार लोखंडी दांडीवरी

आज मात्र पत्र्याखाली अठ्ठावन्न सायकली उभ्या होत्या. पुसलेल्या, हवा भरलेल्या. त्यातल्या सत्तेचाळीस कुठून आल्या हे नंदाबाईला माहीत होतं आणि वाहिदला. तिसऱ्याला नाही.

नणंद कस्तुराबाई तुंगार्लीहून रिक्षानं आली, आणि उतरल्या उतरल्या तिनं सुरुवात केली.

"वहिनी, तुमच्या गल्लीत यायला रिक्षावालासुदिक कुरकुरतोय. म्हणला, तिकडं काय हाय आता? मी म्हणलं, माझं म्हायेर हाय, बाबा. तर म्हणला, मग परतीचं गिऱ्हाईक पण तुमीच व्हा."

"या वन्सं. बसा. पानी देते."

"सायकली लय दिसत्यात. धंदा वाढला का काय?"

नंदाबाई पाणी आणायला वळली. पाठीमागे वाहिदनं ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात दाबली. बुडबुडे आले.

दीर अंबाजी आणि त्याचा मुलगा निलेश बरोबरच आले, औंढ्याहून, मोटरसायकलवर. अंबाजीनं पिशवीतून नवे इंद्रायणी तांदूळ आणले होते. पिशवी त्यानं वहिनीच्या हातात न देता उंबऱ्याशी ठेवली. काही मागायचं असलं की अंबाजीचं असंच व्हायचं, डोळ्याला डोळा द्यायचा नाही. लग्न होऊन ती आली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. तेव्हापासून त्याची ही सवय तिला पाठ.

निलेशनं नकाशा काढला आणि एका सायकलच्या कॅरिअरवर पसरला. वाहतुकीचा आराखडा करणाऱ्या कंपनीत तो दीड वर्ष होता, आणि घरातल्यांपुढे आपलं काम मांडायची त्याला ही पहिलीच वेळ.

"बघा. ही लोकलची लाईन. ही आजूबाजूची गावं. गावातनं छोट्या बस सुटणार, लोकलच्या टायमाला माणसं इथं आणणार, परतीच्या लोकलला घेऊन जाणार. त्यांचा थांबा म्हणजे ही आपली जागा. पुढची अख्खी गल्ली नवी करायची. दिवे, पायी चालायला रस्ता, बायकांसाठी स्वच्छतागृह, भाजीवाल्यांना कट्टे. बंद दुकानं परत उघडतील. फक्त उताऱ्यावरच्या चौघांची संमती सोमवारपर्यंत द्यायची. नाही दिली तर थांबा हायवेच्या पलीकडे नेतील."

"मग स्टेशनपर्यंत तंगडतोड करायची लोकांनी," अंबाजी म्हणाला. "त्याला बस म्हनायचं का? वहिनी, माझी सही झाली. आक्काची व्हईल. माऊली न्हाई म्हननार न्हाई. ऱ्हाता ऱ्हायला तुमी."

"माझी व्हईल असं कुनी सांगितलं तुला?" कस्तुराबाई ताठ बसली. "वहिनीला रस्त्यावर काढून मी सही करू? दादा असता तर तुझी जीभ रेटली असती का? आन् मी म्हनते, थांबा मागं कशाला? आमच्या बंगल्यावर मुक्कामाला येनारे पाव्हने टेशनाच्या पुढच्या दारानं उतरत्यात. तितं करा की."

नंदाबाईला बरं वाटलं. नणंद आपल्या बाजूनं बोलते आहे, हे कानाला इतकं नवं होतं की तिनं चहात साखर दोनदा घातली.

निलेश हसला. "आत्या, बस तुंगार्लीला पण जाणार. तळ्यापर्यंत. बंगल्यांच्या दारावरून."

कस्तुराबाईनं बशीत चहा ओतला. फुंकर मारली. एक घोट घेतला.

"मागच्या अंगाला सावली बरी हाय, म्हना," ती म्हणाली.

वाहिद घमेल्यावर वाकला, हसू दिसू नये म्हणून.

"आन् मी?" नंदाबाईनं विचारलं.

रुळांवरून एक मालगाडी घाटाकडे निघाली होती. तिचे डबे संपेपर्यंत सगळ्यांना गप्प राहायला निमित्त मिळालं.

"तुमी औंढ्याला या," अंबाजी म्हणाला. "घर हाय की."

घर होतं. कुठल्या खोलीत, ते तो बोलला नाही. तीन खोल्यांत पाच माणसं राहत होती, आणि ओसरीवर बियाण्याची पोती.

"आन् माऊली हाय पुन्यात," कस्तुराबाई म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिलाच ते जड गेलं. चहाचं भांडं तिनं उगाच पदरानं पुसलं.

माऊली, नंदाबाईचा मुलगा, वाकडला फ्लॅटमध्ये राहत होता. बायको, एक मुलगी, गाडी. भांडण नव्हतं, काही नव्हतं. दर रविवारी फोन यायचा. पण गाडी घेतल्यापासून तो हायवेनं यायचा, आणि हायवेनं येणाऱ्याला ही गल्ली लागत नाही. औंढ्याला जत्रेला येऊन जाई, मुंबईला जाताना वरून निघून जाई. "आई, घाईत होतो गं, खाली उतरलो नाही." खाली उतरायला त्याला चार वर्षं जमलं नव्हतं.

"मोठी आई, तू रागावू नकोस," निलेश म्हणाला, "पण हे सगळं तुझ्यामुळंच झालंय. तीन जागा होत्या निवडीला. बाकी दोन्हीकडं दहा-दहा, पंधरा-पंधरा सायकली. तुझ्याकडं अठ्ठावन्न. आणि कुठली कुणाची विचारलं, तर तू पाठ म्हणून दाखवलंस. बेचाळीस एकट्या औंढ्याच्या बाजूच्या. साहेब म्हणाले, एवढी माणसं सायकल हाणत स्टेशन गाठतात, म्हणजे बस इथंच पाहिजे. त्या आकड्यावर अख्खा थांबा उभाय."

वाहिदनं मान वर करून नंदाबाईकडे पाहिलं. नंदाबाईनं सतरंजीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळला, इतका घट्ट की बोटाचं टोक पांढरं पडलं.

दिवाळीच्या आधी निलेशच तिला सांगून गेला होता: उद्या आमची मोजणी आहे, तुझ्याकडं सायकली किती लागतात ते बघणार. तिला वाटलं, अकराच दिसल्या तर म्हणतील, हवाय कुणाला स्टँड, काढा. भरलेला दिसला तर हात लावणार नाहीत. म्हणून तिनं आणि वाहिदनं दुपारभर खपून मागच्या आडोशातल्या न नेलेल्या सायकली बाहेर काढल्या. कोळिष्टकं झाडली, हवा भरली, बिल्ले घासले. कामाच्या अकरांमध्ये मिसळून रांगेत लावल्या. मोजणीवाले आले, मोजून गेले. पुन्हा त्या आत कोंबायचा तिला जीव झाला नाही. सकाळी दार उघडलं की पत्रा भरलेला दिसायचा. बरं वाटायचं.

म्हणजे ज्या सायकलींनी स्टँड वाचवायचा, त्यांनीच बस बोलावून आणली होती. आणि आता एक वाक्य बोललं की ती परत फिरणार होती. थांबा हायवेपलीकडे जाईल. पत्रा राहील, खोली राहील, अकरा बिल्ले राहतील.

"निलेश," ती म्हणाली, "त्यातल्या चालत्या अकराच हायेत."

"म्हणजे?"

"बाकीच्या जुन्या. मालक नेत नसल्याल्या. मी लावल्या मोजनीसाठी. वाहिदचा दोष न्हाई, मी सांगितलं म्हणून त्यानं हवा भरली."

"अर्धी हवा मी आपण होऊन भरली," वाहिद म्हणाला.

निलेशनं कॅरिअरवरचा नकाशा गुंडाळला. अंबाजी उठून उभा राहिला आणि काय करावं न कळून परत बसला. कस्तुराबाईला आधी हसूच आलं.

"शाळंच्या तपासनीला शेजारची पोरं आनून बसवत्यात, तसं केलं की वो वहिनी तुमी."

"आत्या, हसण्यावारी नेऊ नका," निलेश म्हणाला. "माझी नोकरी आहे. मी लिहून दिलंय ते." तो रांगेकडे वळला. एक हँडल धरलं, सोडलं. "मग ह्या कुणाच्या आहेत? मालकच नाहीत का ह्यांना?"

"हायेत की. बिल्ले बाहेर हायेत, म्हंजे मालक हायेत."

हे तिला झोंबलं होतं. बाकी काही म्हणा, पण माझ्या सायकलींना मालक नाहीत म्हणू नका. ती उठली आणि पहिल्या खुंटापासून चालायला लागली.

"ही सात नंबर. सविताची, औंढ्याची. तळेगावला कंपनीत पॅकिंगला होती. कंपनीनं पाळी बदलली, पहाटंची दिली. दोन म्हैने आली. मग सासरा म्हणला, अंधाराचं जायचं न्हाई. ही एकोनीस, बाजीरावाची. गुडघं गेलं त्याचं, यायचा चढ चढवंना. दोन वर्सं व्हती नोकरीची, तशीच सोडली. ही तेहतीस..."

तेहतीसच्या बिल्ल्यावर तिचा हात थांबला. लाल रंगाची, पुढे टोपली, दांडीला प्लास्टिकची फुलं.

"चैतालीची. गावच्या शाळंत पैली आलेली पोरगी. तळेगावच्या कालिजात नाव घातलं. पावसात वढ्याला पानी आलं की सायकल निगायची न्हाई. निम्मं वरीस बुडालं. दुसऱ्या वर्सी लगीन लावलं. बिल्ला घेऊन गेली, म्हणली, नंदामावशी, येते न्यायला. ही चाळीस अन् ही येकेचाळीस, दोघं भाऊ. एकानं फटफटी घेतली, बरं झालं त्याचं. दुसऱ्यानं बी घेतली. हायवेला..."

पुढचं औंढ्याच्या माणसांना सांगायची गरज नव्हती.

आणि तिथे, चाळीस आणि एकेचाळीसच्या मध्ये उभी असताना, तिला आपलाच आवाज ऐकू आला. इतकी वर्षं हे सगळं तिच्याजवळ एकेक करून आलं होतं. एक बिल्ला परत आला नाही, मग काही महिन्यांनी दुसरा. प्रत्येक वेळी तिला वाटलं होतं, माणूस आपल्याला सोडून गेला. सलग म्हणताना ते निराळं वाटत होतं. माणसं तिला सोडून गेली नव्हती. त्यांना यायला जमलं नव्हतं.

दुपारची लोकल येऊन गेली होती. गल्लीत पावलं वाजली. अंबाजीची मुलगी समीक्षा, नर्सिंगला असलेली, रात्रपाळी उरकून परत येत होती. डोळे तांबारलेले. घरची इतकी माणसं स्टँडवर बसलेली पाहून ती दारातच थबकली.

"काय झालं? कोण गेलं?"

"कुनी न्हाई गेलं," कस्तुराबाई म्हणाली. "अजून तरी."

समीक्षानं बिल्ला नंदाबाईच्या हातावर ठेवला. नंदाबाईनं सायकल सोडवून वळवली, तसे पुढच्या टोपलीत दगड खडखडले. मुठीएवढे पाच-सहा. दोन वर्षं रोज ती हे दगड बघत होती. पोरीला काहीतरी खूळ, असं म्हणून तिनं कधी विचारलं नव्हतं.

"हे गं कशाला?"

"कुत्र्यांसाठी."

"कुटल्या कुत्र्यांसाठी?"

"हायवेखालच्या बोगद्यात असतात." समीक्षानं खांद्यावरची ओढणी सारखी केली. "कुत्र्यांसाठीच म्हण, मोठी आई."

अंबाजीनं मान वर केली. त्यानं पहिल्यांदाच थेट कुणाच्या तरी डोळ्यात पाहिलं.

"मला न्हाई सांगितलंस."

"तुम्ही सायकल बंद केली असती, आबा."

हे ती रागानं बोलली नाही. झोप आलेल्या माणसासारखं, सरळ बोलली. वाहिदनं घमेल्यातून हात काढून फडक्याला पुसले. नंदाबाईच्या तळहातावर समीक्षाचा बिल्ला अजून कोमट होता. बारा नंबर. उद्या हाही परत आला नाही, तर हिलाही आपण पुसून रांगेत उभी करू. हवा भरू. कुणी विचारलं तर पाठ म्हणून दाखवू.

"कागद आन," ती निलेशला म्हणाली.

"मोठी आई, आता त्या कागदाला काय अर्थ आहे? मला साहेबांना खरा आकडा सांगावा लागेल. अकरा."

"सांग. अकरा सांग. पन त्याच्याखाली दुसरं लिव. यायचे थांबले, सत्तेचाळीस. नाव, गाव, का थांबले. मी सांगते, तू लिव. माझ्याकडं येकबी खोटं नाव न्हाई."

"मानतील का ते?"

"ते मला काय ठावं? तुजं काम हाय ते."

संमतीच्या कागदावर तिनं सही केली. अक्षर दत्तोबानं शिकवलेलं, नंदा दत्तोबा केदारी, दोन ओळींत मावलेलं. कस्तुराबाईनं तिच्याखाली आपली सही ओढली आणि चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाली, पेनाचा वास चढतो. अंबाजी समीक्षाची सायकल हातात धरून पोरीबरोबर पायी निघाला. जाताना त्यानं टोपलीतले दगड काढले, क्षणभर हातात तोलले आणि परत टोपलीत ठेवले. उंबऱ्याशी तो थांबला.

"वहिनी, ती पोती मी ओसरीवरनं हलवतो," तो म्हणाला.

"बघू," नंदाबाई म्हणाली.

कस्तुराबाईला वाहिदनं गल्लीच्या तोंडापर्यंत सोडलं, रिक्षा मिळेना म्हणून.

मागे उरले निलेश आणि ती. उन्हं कलली, तरी यादी चालूच होती. तिनं बिल्ल्याला हात लावायचा, नाव सांगायचं. त्यानं लिहायचं. पाळी बदलली. बस नव्हती. अंधार. गुडघे. लग्न. बस नव्हती. ओढा. बस नव्हती. सेहेचाळीस झाली.

शेवटची तिनं मुद्दाम मागे ठेवली होती. बावीस नंबर, हिरवी, घंटी तुटलेली. निलेशनं ओळखली. लहानपणी या सायकलच्या दांडीवर बसून तो जत्रेला गेला होता.

"ही राहू दे, मोठी आई. ही कुठं धरायची?"

"बिल्ला बाहेर हाय तिचा." माऊली पहिल्यांदा नोकरीला निघाला त्या सकाळी तिनं थट्टेनं त्याच्या हातात बिल्ला दिला होता. स्टँडवालीचा मुलगा झाला म्हणून काय झालं, रीत ती रीत. तो हसत खिशात घालून गेला होता. "तू त्याला फोन लाव. त्याची संमतीबी लागंल तुला."

निलेशनं फोन लावून तिच्या हातात दिला. पलीकडे गाड्यांचे हॉर्न होते, आणि लहान मुलीचा आवाज.

"हां आई. सही ना? निलेशला सांग पाठवायला, मी लगेच करून टाकतो. तू केलीस का? छान. बरं झालं. अगं, आम्ही बाहेर पडलोय जरा."

"माऊली, तुजी सायकल हाय हितं. बिल्ला तुज्याकडं असंल."

"कसला बिल्ला?"

ती थांबली. त्याला आठवेल इतका वेळ थांबली.

"काई न्हाई," ती म्हणाली. "चिमीला गाडीचा वारा लागू दिऊ नको. ठिवते."

फोन तिनं निलेशला परत दिला. घाटाच्या बाजूला सूर्य उतरला होता. पुण्याहून येणाऱ्या लोकलची वेळ होत आली होती. आता दहा माणसं येतील, दहा बिल्ले हातावर पडतील, दहा सायकली गल्लीतून निघून जातील. निलेश पेन घेऊन बसला होता. त्यानं नाव लिहिलं: माऊली दत्तोबा केदारी. गावाच्या जागी काय लिहावं ते न सुचून त्यानं ती जागा मोकळी सोडली. मग शेवटच्या रकान्याशी थांबला आणि तिच्याकडे न बघता विचारलं,

"का थांबला?"

नंदाबाईनं हँडलवरचा बिल्ला पदरानं पुसला. आकडा आधीच लखलखीत होता.

"लिव," ती म्हणाली. "बस नव्हती."